शेतातून रस्ता गेला, मोबदला आलाच नाही

प्रश्न : १९९४ साली आमच्या शेतातून सरकारी रस्ता काढला. सुमारे २२ गुंठे गेले. ना नोटीस आली, ना पैसा. सातबारा अजून दिवंगत वडिलांच्याच नावावर आहे. अधिकारी म्हणतात, ‘वडिलांनी तोंडी संमती दिली होती, आता फार उशीर झाला, आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलेला नाही.’ काय करावे? – एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : हक्क मूलभूत राहिलेला नाही हे खरे, पण म्हणून हक्कच उरला नाही असे मुळीच नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून वगळला आणि त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ३००-अ घातला. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, असे तो सांगतो. फरक इतकाच की, या हक्कासाठी अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते.

विद्या देवींचा निकाल तुमच्या वकिलांना जरूर दाखवा. हिमाचलच्या हमीरपूर जिल्ह्यात १९६७-६८ मध्ये त्यांची जमीन रस्त्यात गेली. निरक्षर विधवा बाई. त्या उच्च न्यायालयात पोहोचल्या २०१० मध्ये. सरकारने चक्क सांगितले, इतकी वर्षे ताबा आमचा, म्हणून जमीनही आमची. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे फेटाळले. कल्याणकारी राज्याला स्वतःच्या नागरिकाच्या जमिनीवर प्रतिकूल ताब्याने मालकी सांगता येत नाही. उशिराची सबबही चालली नाही आणि भरपाई देण्याचा आदेश सरकारला झाला. आपल्या हातची जमीन गेलेल्या प्रत्येकाला हा निकाल माहीत असायला हवा, असे मला मनापासून वाटते. तोंडी संमतीची सबब सर्वोच्च न्यायालयातच २०२२ च्या सुख दत्त रात्रा प्रकरणात टिकली नाही.

मात्र वडिलांच्या सहीचे संमतीपत्र किंवा दानपत्र निघाले, तर प्रकरण अवघड होईल. म्हणून आधी माहिती अधिकारात निवाडा (भूसंपादनात भरपाई ठरवणारा आदेश), ताबा पावती आणि संमतीपत्राच्या प्रती मागा. ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे लेखी उत्तर आले, तर ते जपून ठेवा, तुमच्या फार कामाचे आहे. रस्त्यात नेमके किती क्षेत्र गेले, त्याची सरकारी मोजणी करून घ्या. वारस नोंद करताना बहिणींची नावे गाळू नका, याचिकेतही त्या हव्यात. मग जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊन पोच घ्या. दाद लागली नाही, तर औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करा. उशीर प्रत्येक प्रकरणात माफ होतोच असे नाही, तेव्हा सुगी उरकली की बघू, असे करू नका.

आणि ‘इथे सही करा, पैसे सोडवून देतो’ असे कोणी म्हणाले, तर वकिलांना दाखवल्याशिवाय त्या कागदावर सही करू नका.