होडीचा ठिपका मागे सरकतो तेव्हा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझी भाची नोकरीनिमित्त ग्लासगो येथे राहते. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी मे महिन्यात ‘स्कॉटिश आयलंड्स पीक्स रेस’ ही शिडाच्या होड्यांची आणि डोंगरावर धावण्याची एकत्रित शर्यत होते. यंदा ती तीत धावपटू म्हणून उतरणार आहे. प्रत्येक होडी कोठे आहे हे घरबसल्या नकाशावर दिसते, असे तिने कळवले. म्हणून आम्ही पूर्वीच्या एका शर्यतीची नोंद उघडून पाहिली, तर एका होडीचा ठिपका कित्येक तास एकाच जागी होता आणि दुसरीचा चक्क मागे सरकत होता. तेव्हापासून माझ्या बहिणीच्या पोटात गोळा आला आहे. आमच्या घरात समुद्राची माहिती कोणालाच नाही. आम्ही नेमके काय पाहावे? – एक मामा, जुळे सोलापूर

उत्तर : शर्यतीचा क्रम आधी ध्यानात घ्यावा, म्हणजे निम्मी भीती तेथेच ओसरेल. ओबान या बंदरातून शुक्रवारी दुपारी 12 वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला, शर्यत सुरू होते. धावपटू प्रथम गावातच एक छोटी दौड पुरी करतात आणि मग होड्या निघतात. पहिला मुक्काम मल बेटावरील सॅलन. तेथून 966 मीटर उंचीच्या बेन मोर शिखरावर जाऊन परत यायचे असते. दुसरा जुरा बेटावरील क्रेगहाउस, जेथे ‘पॅप्स’ नावाने ओळखली जाणारी तीन शिखरे ओळीने चढायची असतात. तिसरा ॲरन बेटावरील लॅमलॅश, आणि तेथे 874 मीटर उंचीचे गोट फेल. त्यानंतर ट्रून बंदरात शेवट. समुद्रातील अंतर सुमारे 160 सागरी मैल आणि धावण्याचे सुमारे 60 मैल भरते. सर्वसाधारण संघात पाच जण असतात : तिघे होडी हाकणारे आणि दोघे धावणारे.

जागा कळवणारे यंत्र होडीवर असते, ही यातली कळीची गोष्ट आहे. तुमची भाची बेन मोरच्या उतारावर धापा टाकत असेल, त्या वेळी होडी सॅलनच्या खाडीत नांगर टाकून उभी असेल आणि नकाशावरील ठिपका काही तास जागचा हलणार नाही. बेटाला लागून थांबलेला ठिपका म्हणजे धावपटू डोंगरावर आहेत, एवढाच अर्थ घ्यावा. शिवाय यंत्र ठरावीक अंतराने जागा कळवते आणि नकाशा दोन जागांमध्ये सरळ रेघ ओढतो. त्यामुळे होडी जमिनीवरून गेल्यासारखी रेघ दिसली, तरी घाबरण्याचे कारण नाही.

मागे सरकणाऱ्या ठिपक्याचे उत्तर भरती-ओहोटीत आहे. या शर्यतीत इंजिन वापरता येत नाही. वारा पडला तर वल्ही मारण्याची मात्र मुभा असते. बेटांमधल्या चिंचोळ्या जलमार्गांतून भरतीचे पाणी एका दिशेने आणि ओहोटीचे उलट दिशेने धावते, आणि ठिपक्याचा वेग पाण्याच्या नव्हे, तर जमिनीच्या संदर्भात मोजलेला असतो. पाण्यातून ताशी 5 सागरी मैल कापणाऱ्या होडीला समोरून ताशी 4 मैलांचा प्रवाह लागला, तर ती पडद्यावर ताशी जेमतेम एक मैल सरकताना दिसेल. तोच प्रवाह पाठीशी आला, तर 9 मैल. वारा मंदावून पाण्यातील वेग 2 मैलांवर आला आणि प्रवाह विरुद्धच राहिला, की होडी पुढे तोंड करूनही मागे जाते. अशा वेळी जाणते कप्तान भर शर्यतीत सरळ नांगर टाकतात आणि प्रवाह फिरण्याची वाट पाहतात, कारण मागे जाण्यापेक्षा उभे राहणे फायद्याचे ठरते. तुम्ही पाहिलेल्या दोन ठिपक्यांपैकी एक धावपटूंसाठी थांबलेला असेल किंवा असाच नांगरलेला असेल. दुसऱ्याला प्रवाह मागे नेत असावा.

तेथे एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात, म्हणजे प्रवाह साधारण सव्वासहा तासांनी उलटतो. एखादी होडी अडखळली, तर तेवढ्या काळाने ती पुन्हा वेग घेते का, हे पाहावे. यासाठी घरातील दिनदर्शिकाही उपयोगी पडेल. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाची भरती येते, तेव्हा प्रवाह सर्वांत जोरकस असतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि ते सौम्य होतात. कोकणातले मच्छीमार तिथीवरून पाण्याचा अंदाज बांधतात आणि चंद्र स्कॉटलंडसाठी वेगळा नाही. शर्यतीच्या शनिवारी कोणती तिथी आहे ते बहिणीला आताच पाहून ठेवायला सांगावे. फोन हातात घेऊन बसण्यापेक्षा ते बरे.

यादीतील क्रमांकाकडे पहिल्या दिवशी फार लक्ष देऊ नये, असे आमचे मत आहे. जुराहून ॲरनला जाताना मल ऑफ किंटायर या भूशिराला वळसा घालावा लागतो. तेथून आयर्लंडचा किनारा अवघा 20 किलोमीटरच्या आसपास असल्याने दोन्हींच्या मधून पाणी फार वेगाने वाहते. प्रवाह अनुकूल असताना तेथे पोहोचलेली होडी सहज पार होते आणि अर्ध्या तासाने मागे असलेली होडी कित्येक तासांनी मागे पडू शकते. ॲरनच्या डोंगरात भाचीने 20 मिनिटे वाचवली, तर आपण कौतुक करूच. परंतु या शर्यतीचा निकाल बहुधा अशा भूशिरापाशी लागतो.

राहिला काळजीचा प्रश्न. डोंगरावर आणि समुद्रात फोनची रेंज सर्वत्र मिळत नाही, त्यामुळे फोन न लागणे ही बातमी नव्हे. तेथील सूर्यास्त मेच्या उत्तरार्धात रात्री साडेनऊच्या सुमारास, म्हणजे आपल्या मध्यरात्रीनंतर दोन वाजता होतो. तेथे सर्वांत काळोखाची वेळ असते, तेव्हा सोलापुरात गच्चीवर झोपलेली मंडळी उठू लागलेली असतात. रात्री झोपावे आणि पहाटे नकाशा उघडावा.

प्रश्न : समुद्र आणि डोंगर यांची अशी सांगड घालण्याची कल्पना मुळात कोणाची? – एक निवृत्त भूगोल शिक्षक, सोलापूर

उत्तर : स्कॉटलंडमधील ही शर्यत 1983 मध्ये सुरू झाली. तिच्या आधी, 1977 पासून, वेल्समधील बारमथ येथून स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमपर्यंत ‘थ्री पीक्स यॉट रेस’ होऊ लागली होती. तीत स्नोडन, स्काफेल पाइक आणि बेन नेव्हिस ही वेल्स, इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील सर्वोच्च शिखरे येतात. तिची प्रेरणा बारमथजवळ राहणारे बिल टिलमन यांची. आपण त्यांना वेगळ्या कारणाने ओळखत असाल : 1936 मध्ये नोएल ओडेल यांच्यासह 7816 मीटर उंचीच्या नंदादेवीवर पहिले पाऊल ठेवणारे ते हेच. पुढे त्यांनी जुन्या शिडाच्या होड्या घेऊन दूरच्या, निर्मनुष्य किनाऱ्यांवरील डोंगर गाठण्याचा छंद जोपासला.

प्रश्न : कळसूबाई 1646 मीटर उंच आहे आणि आमच्या गटातील कितीतरी जणी ती चढून आल्या आहेत. मग 874 मीटरच्या डोंगराचे एवढे कौतुक कशासाठी? – सिद्धेश्वर तलावाच्या काठाने पहाटे धावणारी एक वाचक

उत्तर : उंची समुद्रसपाटीपासून मोजली जाते आणि येथे धावण्याची सुरुवातही जवळजवळ समुद्रसपाटीवरूनच होते. आपले सोलापूरच सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि कळसूबाईचा पायथाही सागरकिनारी नाही, तेव्हा शिखराच्या आकड्याची तुलना फसवी ठरते. त्यातही खरी अडचण चढाची नसते. धावपटू हेलकावणाऱ्या होडीतून, पुष्कळदा उलट्या होऊन, अपुऱ्या झोपेने उतरतात आणि पाय जमिनीवर स्थिर होण्याआधीच धावू लागतात. जुरावर मळलेली वाट फारशी नाही. खाली पाय रुतणारी दलदल आणि वर क्वार्टझाइटच्या सुट्या दगडांचा घसरडा उतार, त्यातून धुके आले की नकाशा आणि होकायंत्र यांवरच भिस्त. दोघांनी एकत्र राहायचे असते, त्यामुळे जोडीदारापैकी जो थकलेला असेल त्याची गती हीच संघाची गती होते.

आपल्या गटातील कोणाला पुढे असे काही करावयाचे असेल, तर सोलापूरच्या सपाट रस्त्यांवरील पहाटेची धाव दमसास वाढवण्यास पुरेशी आहे. चिखल, धुके आणि निसरडे दगड यांची सवय मात्र पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटवाटांवर, माहितगार सोबतीसहच करावी लागेल. नकाशावाचन घरी बसूनही शिकता येते आणि आमच्या मते सुरुवात तेथूनच करावी.