स्कॅनर नंतर, आधी आईशेजारी बसा

प्रश्न : आम्ही टोरँटोजवळ राहतो. डोंबिवलीची आमची इमारत पुनर्विकासाला जातेय, त्यामुळे आईला भाड्याच्या घरात हलायचंय. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या काळापासूनचे फोटो आहेत. डिसेंबरात दोन आठवडे येतोय, तेव्हा सगळे स्कॅन करून भावंडांच्या ग्रुपवर टाकावेत असं मनात आहे. पण मागे एक जुना फोटो टाकला तेव्हा मावशी दुखावली होती. सुरुवात कशी करू?

उत्तर : सुरुवात स्कॅनरपासून तर अजिबात करू नका. स्कॅनिंग दुकानातून पैसे देऊन करून घेता येतं. पण मागच्या रांगेत खांबाला टेकून उभा असलेला मुलगा कोण, हे दुकानदार सांगणार नाही. ते सांगू शकणारी माणसं बहुतेक घरांत आता एक-दोनच उरलीत. त्यांच्यातली एक तुमची आई आहे, तेव्हा ते दोन आठवडे तिच्याशेजारी बसण्यात घालवा.

डिसेंबरची वाटही बघायला नको. शेजारच्या कुणाला तरी सांगून ट्रंकेतल्या दहा फोटोंचे मोबाइलवर फोटो मागवून घ्या. तुमची शनिवारची सकाळ म्हणजे आईची संध्याकाळ. मालिकेची वेळ तेवढी टाळा. व्हिडिओ कॉलवर एकेक फोटो समोर धरा आणि तिला सांगून रेकॉर्डिंग चालू ठेवा. ‘तुझ्या लहानपणचं काहीतरी सांग’ असं म्हणू नका. त्यावर ‘काय सांगायचं, सगळ्यांचं तसंच होतं’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा, ही साडी कोणाची? हा ओटा कुठल्या घराचा? फोटो कोणी काढला? हा शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा, कारण काढणारा माणूस फोटोत नसतो आणि पुढे त्याचं नावही कुणी घेत नाही. आगफाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघायचे. त्यामुळे उगाच म्हणून कुणी बटण दाबत नसे, काहीतरी निमित्त असायचंच. ते निमित्त कळलं की आई आपोआप बोलू लागते.

तारखा विचारल्या तर ती अडखळेल. घटना विचारा. पुण्याच्या माणसाला ‘पानशेतच्या आधी की नंतर?’ म्हटलं की धरण फुटलं त्या १२ जुलै १९६१ची रेघ आपोआप ओढली जाते. साताऱ्याकडच्यांना १९६७चा कोयनेचा भूकंप आठवतो, मराठवाड्यातल्यांना १९७२चा दुष्काळ. आणि घरातली बाळंतपणं तर कोणतीच आई विसरत नाही. तरी मामा एक साल सांगेल, आत्या दुसरं. वाद मिटवायच्या भानगडीत पडू नका. दोन्ही लिहा आणि कुणी काय सांगितलं तेही लिहा.

नावांच्या बाबतीत मात्र चिकटपणा करा. ‘अक्का, १९६२’ एवढंच लिहिलंत तर तुमच्या मुलीला काय कळणार? अक्का प्रत्येक घरात दोन-दोन असतात. शिवाय आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नाही, पुष्कळदा नावही बदललं जायचं. माहेरच्या फोटोतली कुसुम आणि सासरच्या फोटोतली सुमती एकच बाई आहे, हे आज फक्त तुमच्या आईला माहीत असेल. म्हणून माहेरचं नाव, सासरचं नाव आणि हाक मारायचं नाव अशी तिन्ही टिपा. नातं कुणाच्या बाजूने सांगितलंय तेही नोंदवा. आई ‘मामी’ म्हणते ती तुमच्या मुलांची पणजी लागते, आणि दोन पिढ्यांनी हा गुंता सोडवायला कुणीच नसतं.

फोटो हातात आला की आधी उलटा करा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, त्यात गावाचं नाव असतं, कधी तारीख. फोटो पोस्टाने पाठवलेला असेल तर दोन ओळींचा मजकूरही सापडतो: ‘चि. बाळ आता पावलं टाकतो.’ मागची बाजूही स्कॅन करा. तुम्हाला काही लिहायचं असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनाचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.

काळ्या पानांच्या अल्बममधले, कोपऱ्यांत अडकवलेले फोटो अलगद सुटतात. ताप देतात ते नंतरच्या काळातले, चिकट पानावर प्लास्टिक चढवलेले अल्बम. त्यातला फोटो हिसकून काढू नका, कागद फाटतो. दात साफ करायचा दोरा खाली घालून हळूहळू सरकवा. तरीही निघाला नाही तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही काचेसकटच.

आधी रंगीत फोटो घ्या. ऐकायला उलटं वाटेल, पण कृष्णधवल फोटो नीट धुतलेले असले तर पुष्कळ टिकतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो मात्र लालसर पडत चाललेत. छोट्या फोटोंना ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, ठेवा. दोन बाय तीन इंचाचा फोटो मग १२०० बाय १८०० पिक्सेलचा होतो. निगेटिव्ह सापडल्या तर त्या कुणालाही फेकू देऊ नका, दुकानात त्याच द्या.

आता ग्रुप. सहाशे फोटो एकदम ओतलेत तर पंधरा अंगठे आणि चार हात जोडलेले येतील, बघणार कुणीच नाही. आठवड्याला एक फोटो आणि सोबत एक प्रश्न टाका: ‘ही सायकल कोणाची?’ मग बघा, वर्षभर गप्प बसलेले काका कसे बोलतात. ग्रुपवर साधा टाकलेला फोटो व्हॉट्सॲप बारीक करतं, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सगळा साठा ड्राइव्हवर ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर. भावंडांकडूनही मागा. पूर्वी लग्नाच्या फोटोंच्या प्रती नातेवाइकांना पोस्टाने जायच्या, त्यामुळे तुमच्या घरात पुरात किंवा वाळवीने गेलेला फोटो इंदूर-बडोद्याच्या एखाद्या कपाटात शाबूत असू शकतो.

मावशीचं कारण तुम्ही लिहिलं नाहीत, पण अशी कारणं फार वेगळी नसतात. लवकर गेलेलं माणूस, मोडलेलं लग्न, वाटणीवरून बोलणं बंद झालेला भाऊ, विधवेच्या आलवणातली आजी. हे फोटो लपवू नयेत, पण ग्रुपवर पहिल्यांदा दिसू नयेत. ज्याचं दुःख आहे त्याला आधी एकट्याला दाखवा आणि ‘टाकू का?’ विचारा. नाही म्हटलं तर नाही. मावशीला आजच फोन करा. ग्रुपवर माफी मागून तिला पुन्हा चारचौघांत उभं करू नका. आंघोळीचे उघडे फोटोही वगळा. ते बाळ आता पन्नाशीचं आहे आणि त्याची सून ग्रुपवर आहे.

मूळ फोटो सगळे कॅनडाला नेण्याचा मोह होईल. तो आवरा. मावशीच्या लग्नाचे फोटो मावशीकडे जाऊ देत, काकांचे काकांकडे. ज्याच्याकडे कोरडं कपाट आहे आणि जो वर्षातून एकदा उघडून बघेल त्याच्याकडे बाकीचे. नव्या घरात ट्रंक परत माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, पावसाळ्यात ओल धरते. तुम्ही थोडे नेणार असाल तर हातातल्या बॅगेतून न्या. विमानतळावरच्या एक्स-रेने धुतलेल्या निगेटिव्हना काही होत नाही, पण चेक-इनची बॅग हरवली तर भरपाई पैशांत आणि मर्यादेतच मिळते, फोटो परत मिळत नाहीत.