पॉलिश केल्यावर गाडीवरचे खोल चरे जास्त का दिसतात?

तुम्ही विचारलंय की काळ्या गाडीला गंगापूर रोडला पॉलिश करून घेतलं, वरची बारीक रेघांची जाळी गेली, पण बोनेटवरचे दोन आणि ड्रायव्हरच्या दारावरचा एक चरा आता उठून दिसतोय. हे मशीनने पडले का, आणि परत पॉलिश केलं तर जातील का?

मी अंबडला गाड्यांच्या पेंटिंगचं काम करतो. तुमच्या वर्णनावरून तरी ते चरे आधीचेच वाटतात. मशीनची खूण अशी एकेरी रेघ नसते. ती धुरकट, लाटेसारखी असते, मशीन फिरलं त्या वाटेने पसरते आणि उन्हात आपण हललो की तीही सरकते. तिला आम्ही हॉलोग्राम म्हणतो.

मग आधी दिसत का नव्हते? नांगरलेल्या वावरात एखादी चारी चटकन कळत नाही; वावर सपाट केलं की तीच चारी बांधावरून नजरेत भरते. तुमच्या गाडीवर हजारो बारीक रेघांनी प्रकाश विखुरत होता, त्या धुरकटपणात हे तीन चरे लपले होते. आजूबाजूचा भाग आरशासारखा झाला आणि ते उघडे पडले. म्हणजे काम बऱ्यापैकी नीट झालंय.

आता महत्त्वाचं. पॉलिशने चरा भरत नाही. कंपाउंड, म्हणजे पॉलिशची घासणारी पेस्ट, आजूबाजूचा थर घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतो, तेव्हा चरा 'जातो'. आणि खाली आणायला थर असतो तरी किती? कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग, क्लिअर कोट असं सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे तुमच्या गाडीची सगळी चमक केसाहूनही पातळ थरात आहे. उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणाराही तोच थर. तो प्रत्येक पॉलिशला थोडा कमी होतो आणि परत वाढत नाही.

मी नवीन असताना एका गाडीच्या दारावरचा असाच चरा काढायला बसलो होतो. जातोय, जातोय असं वाटत राहिलं आणि मी दाराच्या कडेवर मशीन दाबून धरलं. कडेला थर आधीच पातळ असतो. पॅडवर रंग आला तेव्हा कळलं की क्लिअर कोट संपला. एका चऱ्यापायी अख्खं दार रंगवावं लागलं आणि त्या मालकाच्या गाडीचा मूळ रंग माझ्या हातून गेला. त्याची खंत मला अजून आहे. म्हणून आता आधी चरा ओळखतो, मग मशीन हातात घेतो.

तुम्हालाही घरी ओळखता येईल. गाडी धुऊन सावलीत घ्या आणि चऱ्यावर पाणी टाका. ओला असताना चरा पुसट होऊन जवळजवळ नाहीसा झाला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. पाणी खाच भरतं, त्यामुळे प्रकाश तिथे विखुरत नाही. ओला असूनही पांढरी किंवा करडी रेघ राहिली, तर चरा प्रायमरपर्यंत गेलाय. तिथे कितीही घासलं तरी उपयोग नाही. मग नख आडवं फिरवून बघा. नख ठळकपणे अडलं तर चरा पूर्ण काढायच्या नादी लागू नका. निव्वळ नखावर निकाल देऊ नका, मात्र. उथळ चराही कधी कधी नखाला लागतो. पाणी आणि नख दोन्ही मिळून बघायचं.

पाण्यात लपतो पण नखाला अडतो, अशा मधल्या प्रकारच्या चऱ्याला मी पॉलिशचा एकच हलका हात देतो, जास्त नाही. खाचेच्या धारदार कडा गोल झाल्या की त्या चमकत नाहीत, चरा तिथेच असतो पण दोन पावलांवरून डोळ्याला खुपत नाही. रोजच्या गाडीला एवढं पुरे. कोणी 2000 नंबरचा पॉलिश पेपर (बारीक घासकागद) मारून काढून देतो म्हणाला, तर आधी जाडी मोजायचं मीटर लावायला सांगा. मीटर सगळ्या थरांची एकत्र जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि आपल्याकडचं नेहमीचं मीटर प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि कोणी दहा मिनिटांत चरा गायब केला, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून बघा. खाचेत नुसतं काही तेलकट भरलं असेल तर चरा लगेच परत दिसेल.

दारावरचा चरा पाण्यातही पांढरा राहिला तर टचअप करून घ्या. रंगाचा कोड बऱ्याच गाड्यांत दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. पत्रा दिसत असेल तर पावसाआधीच करा, नाहीतर गंज धरेल. बोनेटवरचे दोन मात्र पाण्यात लपत असतील तर तसेच राहू द्या. सोसायटीत सकाळी एकाच बादलीत सगळ्यांच्या गाड्यांचं फडकं बुडवतात, ते आधी बंद करा. धुळीवर कोरडं किंवा मळकं फडकं फिरलं की महिन्याभरात तीच जाळी परत येते. पुढचं पॉलिश जितकं लांबेल, तितका क्लिअर कोट शिल्लक राहील.