वाचकांचे प्रश्न : साक्ष द्यायची म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण 4 वर्षं एकाच टीममध्ये आहोत, एकमेकींपासून काही लपलेलं नाही. मी ख्रिस्ती आहे हे तिला माहितीये पण त्यापुढे बोलणं कधी गेलंच नाही, विषय जवळ आला की माझी जीभ टाळूला चिकटते. मंडळीत (चर्चमध्ये) साक्ष देण्यावर, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्यांना सांगण्यावर, संदेश झाला की मी खाली मान घालून बसते. मी भित्री आहे का? की नुसतं चांगलं वागलं तरी पुरतं?

उत्तर : भित्र्या असाल थोड्याशा, कोण नसतं. पण तुमच्या पत्रात मला भीतीपेक्षा जास्त हे दिसलं की तुम्हाला ही मैत्री बिघडवायची नाहीये, आणि ती काळजी चांगलीच आहे, तिला पाप समजून कबूल वगैरे करत बसू नका.

आधी माझा किस्सा ऐका. मी एका मित्राला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर बायबलमधलं वचन पाठवायचो, फुलांच्या फोटोवर लिहिलेलं, जवळजवळ दोन वर्षं, एक दिवस चुकवला नाही, आणि मनात समाधान की आपली सेवा चाललीये. एकदा त्याने काहीतरी दाखवायला फोन माझ्या हातात दिला तर माझं चॅट म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकलेलं. तो ओशाळला, मी त्याहून जास्त. पुढे त्याचे वडील ॲडमिट झाले तेव्हा तीन रात्री मी त्याच्यासोबत आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकावर बसलो, रिपोर्टची फाइल माझ्या मांडीवर, त्याचा फोन चार्ज करून आणायचं काम माझं, वचन एकही नाही. तिसऱ्या रात्री त्यानेच विचारलं, झोपलायस का रे? म्हटलं नाही, तुझ्या बाबांसाठी प्रार्थना करतोय. तर म्हणाला, मग मोठ्याने कर ना. आणि त्या क्षणी मला येत होती तेवढी सगळी भारी भारी वाक्यं गायब, चार तोडकीमोडकी वाक्यं बोललो आणि आमेन. बाबा घरी आले. मित्र अजून चर्चला आलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटी बाप्तिस्म्याची वाट बघत बसाल.

आता तुमचा खरा प्रश्न, वागणं की बोलणं. 'सुवार्ता (येशूची चांगली बातमी) सांगा, गरज पडली तर शब्द वापरा' हे वाक्य असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर खूप फिरतं, पण त्याच्या लिखाणात ते कुठेच सापडत नाही, आणि तो स्वतः तर गावोगाव उपदेश करत फिरायचा. 1221 च्या त्याच्या नियमावलीत आहे ते असं की परधर्मीयांमध्ये राहणाऱ्या भावांनी, म्हणजे त्याच्या संघातल्या साधूंनी, वादविवाद करू नये, नमून राहावं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करावं. म्हणजे भांडू नका, पण लपूही नका. मला हे त्या फिरणाऱ्या वाक्यापेक्षा जास्त पटतं, कारण नुसतं चांगलं वागलं तर मैत्रीण काय म्हणेल, तू स्वभावानेच चांगली आहेस, म्हणजे श्रेय तुम्हालाच.

बायबलमध्ये येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात (3:15) बघा, तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा, पण 'सौम्यतेने व भीडस्तपणाने'. इथे समोरचा विचारतोय, आपण त्याच्या मागे लागलेलो नाही. सौम्यतेने हा शब्द आपण वाचतो आणि पुढे जातो, भीडस्तपणा तर आपल्याला साक्षीच्या उलटच वाटतो. आणि उत्तर म्हणजे भाषण नाही हो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात येशूने बरं केलेल्या आंधळ्याला धर्मपुढारी येशूबद्दल अवघड प्रश्न विचारतात, तो म्हणतो ते मला ठाऊक नाही, एवढंच ठाऊक आहे की मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. तुमचं असं एक वाक्य शोधून ठेवा, तुमच्या आयुष्यातलं, मंडळीतली भाषा न वापरता. 'रक्ताने धुतलं जाणं', 'अभिषेक', 'ओझं आलं' हे शब्द बाहेरच्या माणसाला कळत नाहीत, उलट दचकायला होतं.

सुरुवात म्हणून एवढंच करा की लपवणं बंद करा. सोमवारी ती विचारते ना रविवार कसा गेला, तेव्हा 'घरीच होते' म्हणायची सवय असेल तर सोडा, 'सकाळी चर्चला गेले होते, क्षमेवरचा संदेश होता, मला जरा लागला' असं म्हणा, पुढे तिला बोलायचं तर बोलेल. ती अडचणीत असेल तर विचारा, तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? हो म्हणाली तर खरंच करा आणि दोन दिवसांनी काय झालं विचारा. आणि कृपा करून तिची गोष्ट 'प्रार्थनेची विनंती' म्हणून मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेलं आपण असं पवित्र नाव देऊन दोनशे लोकांना वाटतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता चिडचिड होते. तिला एकदा कळलं ना की सगळं संपलं.

प्रश्न : मी रागीट आहे. परवा ऑफिसमध्ये ज्युनियरवर सगळ्यांसमोर ओरडलो, तर एकजण हसत म्हणाला, हेच का तुमचं शेजाऱ्यावर प्रेम? आता मी कोणत्या तोंडाने साक्ष देणार?

उत्तर : त्याच तोंडाने, पण आधी त्या तोंडाने माफी मागा. आणि ओरडलात सगळ्यांसमोर तर माफीही सगळ्यांसमोरच मागा, केबिनमध्ये बोलावून हळूच नको, आणि 'माझं चुकलं पण तूही' यातला 'पण' गिळून टाका. ज्याने टोमणा मारला त्याच्यावरही राग धरू नका, त्याला निदान माहितीये की ख्रिस्ती माणसाकडून काय अपेक्षा करायची.

पेत्राने येशूला तीनदा नाकारलं हे चारही शुभवर्तमानांत आहे, मंडळीने झाकून नाही ठेवलं. योहानाने तर बारकाई अशी टिपलीये की नाकारलं तेव्हाही कोळशांचा विस्तव होता (18:18) आणि पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशूने पेत्राला परत उभं केलं तेव्हाही कोळशांचा विस्तवच (21:9). ऑफिसात तुम्ही परफेक्ट दिसायची गरज नाही, तशी माणसं सगळ्यांना नकोशीच वाटतात. बाकी रागावर काम करा, एखाद्या जाणत्या समुपदेशकाकडे जा, नुसत्या प्रार्थनेवर ढकलू नका.

प्रश्न : जुन्या मित्राला मी दोनदा चर्चला बोलावलं, त्याने स्पष्ट नाही सांगितलं. तेव्हापासून माझ्या मेसेजला उत्तरही देत नाही. त्याच्या मुलीची परीक्षा होती, शुभेच्छा द्यायच्या राहून गेल्या. आता पायांची धूळ झटकून पुढे जावं का?

उत्तर : जिथे ऐकून घेत नाहीत तिथून निघताना धूळ झटकायचं येशूने गावोगाव पाठवलेल्या शिष्यांना सांगितलं होतं, शाळेपासूनच्या मित्राबद्दल नाही. नाही म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे, आणि त्या नाहीनंतर तुम्ही गायब झालात तर त्याला कळेल की एवढी वर्षं तुम्ही कशासाठी येत होतात. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 ला झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 ला, घरात एवढा मोठा कवी, शब्दांची काही कमी नव्हती, तरी पाच वर्षं गेली आणि त्या आल्या त्या स्वतःच्या विचाराने. तुमच्या मित्राचं पुढे काय होईल ते तुमच्या हातात नाही. तिसऱ्यांदा बोलावू नका. मेसेजही नको, सरळ फोन करा आणि मुलीचा पेपर कसा गेला ते विचारा.