अलास्कातल्या फेअरबँक्सहून युकॉन नदीवर जेट बोट नेतो. विमा कोणता घ्यावा?

हप्ता नंतर बघा, आधी पॉलिसीतली जलक्षेत्राची मर्यादा, म्हणजे कोणत्या पाण्यात विमा लागू आहे ते, वाचा. चेना, तनाना आणि पुढे युकॉन, हा तुमचा सगळा मार्ग त्यात बसतो का, हे लेखी विचारून घ्या. एजंटचं तोंडी ‘हो हो, चालतं’ दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

खरी गोम बोट ओढून आणण्याच्या खर्चात आहे. डाल्टन हायवेचा पूल सोडला की अलास्कातल्या युकॉनवर दुसरा रस्त्याचा पूलच नाही. शंभर मैल खाली वाळूच्या पट्ट्यावर बोट रुतली, तर ती सोडवण्याचं बिल बोटीच्या किमतीलाही मागे टाकू शकतं. म्हणून टोइंग, बुडालेली बोट काढणं आणि सांडलेल्या इंधनाची सफाई यांच्या रकमा वेगवेगळ्या तपासा. काही पॉलिसींत टोइंगची मर्यादा इतकी तुटपुंजी असते, की हसू येतं.

दुसरा मुद्दा बर्फाचा. बर्फाने चेपून बोट फुटली किंवा पाणी गोठून इंजिन ब्लॉक तडकला, तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात. काहींत हिवाळ्यात बोट पाण्याबाहेर ठेवायची ठरावीक मुदत असते. मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीची ‘शेवटची एक फेरी’ त्या मुदतीत गेली तर भरपाई विसरा.

गाळ-वाळूने इम्पेलर (जेटमधलं पाणी ढकलणारं चक्र) झिजला तर ती झीजच मानतात, त्यावर वाद घालू नका. मात्र भरपाई पॉलिसी घेतानाच ‘ठरलेल्या किमतीवर’ मिळेल अशी पॉलिसी घ्या, घसारा वजा करणारी नको.