ब्लेझची पट्टी, उलरिकचा स्नेअर आणि 60 मिनिटांची कॅसेट

तू साताऱ्याहून विचारलंयस की आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा 'द एक्स फॅक्टर' आणि मेटॅलिकाचा 'सेंट अँगर' हे अल्बम तुला मनापासून आवडतात, बँडमधली पोरं त्यावरून चेष्टा करतात, आणि आता तुलाच शंका यायला लागलीय की आपण उगाच वेगळं दिसायला तर हे आवडून घेत नाही ना.

नाही. पण बाजू घ्यायची तर नीट घे. 'मला आवडतं, तुला काय करायचंय' म्हटल्यावर पोरं गप्प बसतील, अल्बमबद्दल मात्र तू काहीच बोललेला नसशील.

आधी माझं सांगतो. 1996 साली मी सांगलीत अकरावीला होतो. रॉक आमच्याकडे क्रमाने आलंच नाही. कुणाचा तरी भाऊ पुण्याला शिकायला असायचा, तो दिवाळीला येताना जे आणेल ते आमचं. माझी मेडनशी ओळख झाली ती थेट 'एक्स फॅक्टर'वरून, तीही कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेल्या. कॅसेट 60 मिनिटांची, अल्बम जवळपास 71 मिनिटांचा. शेवटची दोन गाणी मावलीच नाहीत. मेडनचा आधीचा गायक ब्रूस डिकिन्सन, हे नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. वॉकमन लावून विश्रामबागला सिटी बसमध्ये बसायचं, 'साइन ऑफ द क्रॉस'मधलं ते चर्चमधल्यासारखं पुटपुटणं सुरू व्हायचं, आणि अकरा मिनिटांनी गाणं संपेस्तोवर मिरज दिसायला लागायची. मला वाटायचं, मेडन म्हणजे हेच. काळोखी, जड, सावकाश.

पुढे कॉलेजात भेटलेले सगळे उलट्या वाटेने आलेले. आधी डिकिन्सनच्या काळातले 'नंबर ऑफ द बीस्ट', मग 'पॉवरस्लेव्ह', आणि मग एकदम त्याच्या जागी आलेला ब्लेझ बेली. ते तोंड वाकडं करायचे. माझ्या आजोबांनी बालगंधर्व प्रत्यक्ष ऐकलेले. नंतरच्या कुणीही तीच पदं म्हटली की आजोबा 'हं' म्हणून पानाचा डबा पुढे ओढायचे. समोरचा बेसूर आहे असं त्यांचं म्हणणं नसायचं. ते ऐकतच नसायचे, आठवत असायचे. ब्लेझच्या वाट्याला असे आजोबा जगभर आले.

आता मुद्द्याचं. डिकिन्सन 1993 मध्ये बाहेर पडला, वुल्फ्सबेन बँडचा ब्लेझ आला, अल्बम 1995 मध्ये निघाला. ब्लेझचा आवाज खालच्या पट्टीतला. आपल्याकडे गायक बदलला की पेटीवाला बोट ठेवण्याआधी पट्टी विचारतो. मेडनने विचारली नाही. गिटारी होत्या त्याच सुरात राहिल्या, आणि मैफलीत तर डिकिन्सनच्या उंचीची जुनी गाणी ब्लेझच्या गळ्यात मारली. तिथे तो तुटायचा, हे कबूल करूनच टाक. पण त्याच्याच गळ्यासाठी बांधलेली गाणी ऐक. 'द एज ऑफ डार्कनेस', 'फॉर्च्यून्स ऑफ वॉर', 'जजमेंट ऑफ हेवन'. मेडनचा बासवादक आणि मुख्य गीतकार स्टीव्ह हॅरिस त्या काळात घटस्फोटातून जात होता आणि ते शब्दाशब्दात उतरलंय. हे दुःख डिकिन्सनने गायलं असतं तर युद्धावर निघालेल्या वीराचं झालं असतं. ब्लेझच्या तोंडी ते रात्री जागा असलेल्या माणसाचं वाटतं.

आणि गाणी कच्ची होती म्हणणाऱ्याला 'रॉक इन रिओ' हा मैफलीचा अल्बम ऐकव. जानेवारी 2001, ब्राझील, परत आलेला डिकिन्सन, आणि गातोय 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन'. दोन्ही ब्लेझच्या काळातली. गर्दी वेडी झालेली ऐकू येते. 2018 च्या दौऱ्यातही ही दोन्ही गाणी होती. म्हणजे बांधणी पक्कीच होती. ('क्लॅन्समन' 1998 च्या 'व्हर्च्युअल इलेव्हन'वरचं. त्याच अल्बमवर 'द एंजल अँड द गॅम्बलर' आहे, जे संपता संपत नाही. त्याची बाजू मी घेणार नाही, तूही घेऊ नकोस.)

'सेंट अँगर'चं प्रकरण वेगळं. तिथे लोकांना नडतो तो स्नेअरचा आवाज. स्नेअर ड्रमच्या खालच्या कातड्याला तारा लागून असतात, वर काठी पडली की त्या थरथरतात आणि तो 'छर्र' येतो. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिकने त्या सैल सोडून दिल्या. उरला नुसता टण्ण. मी हे मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या एका कारागीर मित्राला ऐकवलं. तंबोऱ्याच्या घोडीवरचा दोरा सरकवत तो म्हणाला, 'जवारीच काढून टाकलीय की रे. मुद्दाम?' (जवारी म्हणजे त्या दोऱ्यामुळे तारेला येणारा गुंजणारा झणत्कार.) मुद्दाम की हट्टाने, यावर आमचा चहा थंड झाला. पण प्रश्न बरोबर होता. बासवादक जेसन न्यूस्टेड 2001 च्या सुरुवातीला सोडून गेलेला, गायक जेम्स हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी महिनोन्महिने बाहेर, परतला तो दुपारी 12 ते 4 एवढंच काम करण्याच्या अटीवर. बास वाजवायला माणूस नाही म्हणून निर्माता बॉब रॉकच वाजवतोय. गिटारवादक कर्क हॅमेटचा एकही सोलो नाही, आणि तो त्यावर भांडलाही होता. हे सगळं 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' या 2004 च्या माहितीपटात दिसतं. अशा घरातून गोड जवारी कुठून येणार? अल्बम लांबलाय, हे खरंच. पाऊण तासात संपला असता तर माझा मित्रही शेवटपर्यंत बसला असता. पण 'फ्रँटिक' आणि 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' ही दोन गाणी चकचकीत आवाजात कल्पून बघ. दोन्ही मरतात.

मेटॅलिकाच्याच 'लोड'ला फार शब्द घालवत नाही. 1996 मध्ये लोक गाण्यांवर कमी आणि बँडच्या कापलेल्या केसांवर जास्त चिडले होते. सीडीत मावावं म्हणून ज्याचा मिनिटभर कापला, ते 'दि आउटलॉ टॉर्न' ऐकव आणि गप्प बस. लेड झेपेलिनचा 'प्रेझेन्स'ही असाच. अपघातानंतर गायक प्लँट व्हीलचेअरवर, म्युनिकमध्ये सुमारे 18 दिवसांत काम उरकलेलं, आणि तरी त्यात 'अकिलीज लास्ट स्टँड' आहे.

मेगाडेथच्या 'रिस्क'साठी मात्र माझ्याकडे येऊ नकोस. तीनदा प्रयत्न केलाय.

पोरांना पटवायचंच असेल तर पूर्ण अल्बम लावू नकोस. एक गाणं लाव, आणि नाव आधी सांगू नकोस. आमच्याकडे गणपतीत मंडपामागे एकदा मी 'जजमेंट ऑफ हेवन' असंच लावलं होतं. कट्टर डिकिन्सनवाल्याने मधल्या गिटारीवर मान डोलावली, मग बँड विचारला, मग मान थांबवली.

त्या दोन राहिलेल्या गाण्यांचं विचारशील. '2 ए.एम.' आणि 'दि अनबिलीव्हर' मला सीडी मिळाल्यावर, बऱ्याच वर्षांनी ऐकायला मिळाली. चांगली आहेत म्हणतात. माझा 'एक्स फॅक्टर' अजूनही 'एज ऑफ डार्कनेस'ला संपतो आणि खट्कन बटण वर येतं.