स्पोर्ट्स बिझनेसमध्ये सस्टेनेबिलिटीचं काम खरं असतं की नुसता पीआर?

तुम्ही विचारलंय की स्पोर्ट्स मॅनेजमेंट करून सस्टेनेबिलिटीत, म्हणजे पर्यावरण सांभाळायच्या कामात, करिअर होईल का, आणि क्लबचे मालक-सीईओ खरंच मनावर घेतात की सगळा फोटोपुरता मामला. दोन्ही बघितलंय. मी बरीच वर्षं मॅचडे ऑपरेशन्सला, म्हणजे मॅचच्या दिवशीच्या स्टेडियमच्या व्यवस्थेत होतो.

एका स्टेडियमवर आम्ही ओला-सुका कचरा वेगळा करायला हिरवे-निळे डबे लावले, व्हॉलंटियर उभे केले, पब्लिक पण शहाण्यासारखं वागलं, आणि मॅच संपल्यावर रात्री माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या पिशव्या एकाच ट्रकमध्ये पडल्या. सुपरवायझर म्हणाला, साहेब, आमचं बिल फेऱ्यांवर निघतं, दुसरा ट्रक कुठून आणू? त्याचं काय चुकलं? वेगळं उचलायचं हे बॅनरवर होतं, कॉन्ट्रॅक्टमध्ये नव्हतं. पुढच्या सीझनला फायनान्स हेडनं ती अट टेंडरमध्ये घातली, पैसे थोडे जास्त गेले पण ट्रक दोन आले. लीडरशिप म्हणाल तर मला तो माणूस आठवतो, ज्यांनी रिबीन कापली ते नाही.

मोठं उदाहरण हवं तर इंग्लंडचा फुटबॉल क्लब फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स बघा. डेल व्हिन्स 2010 मध्ये तिथे चेअरमन झाला, 2015 पर्यंत अख्खा क्लब व्हीगन, म्हणजे प्रेक्षकांना पण ग्राउंडवर मांस, अंडी, दूध काही नाही. 2018 मध्ये यूएनकडून कार्बन न्यूट्रल (म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडला तेवढा दुसरीकडे भरून काढून हिशोब शून्य) म्हणून मान्यता मिळाली. आता त्याची स्वतःची ग्रीन वीज विकणारी कंपनी आहे, त्यामुळे क्लब ही त्याची जाहिरातही आहेच, मला त्यात काही वावगं वाटत नाही. टीम 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोनदा खालच्या डिव्हिजनला घसरली तरी मेन्यू तोच राहिला, हे जास्त महत्त्वाचं.

उलटं उदाहरण कतार 2022. फिफानं फुटबॉलचा वर्ल्ड कप कार्बन न्यूट्रल म्हणून मिरवला, आणि जून 2023 मध्ये स्वित्झर्लंडच्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं सांगितलं की दावा दिशाभूल करणारा आहे, सिद्ध करता आलेला नाही.

आणि एक, प्लास्टिकचे स्ट्रॉ बंद केले की सगळे टाळ्या वाजवतात, पण मोठ्या इव्हेंटचं खरं कार्बन उत्सर्जन असतं प्रेक्षकांच्या प्रवासात, खास करून विमानांच्या. त्याला हात लावायचा तर शेड्यूल, पार्किंगचं उत्पन्न, एअरलाइन स्पॉन्सर, सगळीकडे दुखतं, म्हणून मीटिंगमध्ये तो विषय शेवटी येतो आणि वेळ संपते. अमेरिकेतल्या सिॲटलच्या क्लायमेट प्लेज अरेना या स्टेडियमनं आइस हॉकीच्या तिकिटातच बस-ट्रेनचा प्रवास फुकट घातला, असलं काहीतरी वरून निर्णय आल्याशिवाय होत नाही.

करिअर होतं, पण पोस्ट कुठे आहे ते बघा. इंटरव्ह्यूला सरळ विचारा की मी रिपोर्ट कोणाला करणार. मार्केटिंग हेडला असेल तर पोस्टर बनवायची तयारी ठेवा. ऑपरेशन्स किंवा फायनान्सला असेल तर पगार थोडा कमी असला तरी घ्या, आणि पहिल्याच आठवड्यात केटरिंग आणि हाऊसकीपिंगची कॉन्ट्रॅक्ट मागून वाचून काढा.